ग्रेझिंग इन्सिडन्स एक्सआरडी: पातळ फिल्मचा स्कॅन पहिल्याच स्लॉटमध्ये नीट कसा घ्यायचा

"मॅडम, फिल्म अमॉर्फस आलीय, परत ॲनिलिंग करू का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. अमॉर्फस म्हणजे स्फटिक न झालेली, आणि ॲनिलिंग म्हणजे भट्टीत भाजणं. मागच्या वेळी ज्या मुलीनं विचारला तिनं काचेवर टायटेनियम डायऑक्साइडची फिल्म केली होती, ४५० डिग्रीला तासभर भाजलेली, आणि एक्सआरडीच्या, म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या, ग्राफमध्ये काचेचा तो जाडा फुगवटा सोडला तर काही म्हणजे काही नव्हतं. मी सॅम्पल उलटं करून बघितलं. मागच्या बाजूला स्प्रेचा पांढरा थर एका कोपऱ्यात साचला होता, बोटाला खरखर लागत होता, आणि त्यामुळं काच स्टेजवर एका बाजूनं किंचित उचललेली बसत होती. थर ब्लेडनं खरवडला, पुसला, पुन्हा अलाइन केलं, आणि २५.३ डिग्रीला ॲनाटेसचा, म्हणजे टायटेनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा, पीक वर आला. भाजणं बरोबर होतं, फिल्मही बरोबर होती. चुकला होता तो कोन.

ग्रेझिंग इन्सिडन्समध्ये, म्हणजे किरण फिल्मवर जवळजवळ आडवा सोडून केलेल्या एक्सआरडीत, बहुतेक गोंधळ इथंच होतो. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ०.५ टाइप करता आणि समजता की किरण ०.५ डिग्रीत पडतोय, पण तो खरोखर किती अंशात पडतोय हे तुमचं सॅम्पल कसं बसलंय आणि अलाइनमेंट कशी केलीय यावर आहे. खालची सगळी पद्धत त्या एका कोनाभोवती फिरते. उदाहरण म्हणून कॉपर के-अल्फा, म्हणजे १.५४ अँगस्ट्रॉमचा नेहमीचा लॅबमधला सोर्स आणि काचेवरची टायटेनियम डायऑक्साइडची फिल्म धरते, म्हणजे आकडे हातात राहतील.

## पायरी १: ग्रेझिंग खरंच लागतंय का ते आधी ठरवा

साध्या थीटा-टू-थीटा स्कॅनमध्ये सॅम्पल आणि डिटेक्टर जोडीनं फिरतात. टू-थीटा म्हणजे सरळ जाणाऱ्या किरणापासून डिटेक्टरचा कोन, ग्राफवरचे २५.३ सारखे आकडे त्याचेच. २५.३ च्या पीकवर असताना किरण पृष्ठभागाशी साधारण १२.६ अंश करतो आणि आत काही मायक्रोमीटर शिरतो. तुमची फिल्म २०० नॅनोमीटरची असेल तर बाकी सगळा सिग्नल काचेचाच येणार. ग्रेझिंगमध्ये किरण पृष्ठभागाशी अगदी चिकटून, अर्ध्या-एक डिग्रीत सोडायचा, तो कोन पूर्ण स्कॅनभर हलवायचा नाही आणि फक्त डिटेक्टर फिरवायचा. किरण फिल्ममधून तिरका लांब जातो, म्हणून फिल्मचा सिग्नल वाढतो आणि खालच्या काचेचा कमी होतो.

दोन-तीन मायक्रोमीटरच्या वरची फिल्म असेल तर साधा स्कॅन बास आहे, उगाच स्लॉट, म्हणजे मशीनवरची तुमची ठरलेली वेळ, वाया घालवू नका. सिंगल क्रिस्टलवर त्याच्याच रचनेला धरून वाढवलेली एपिटॅक्सियल फिल्म असेल तर ही पद्धत तिच्यासाठी नाहीच. आणि फिल्म एकाच दिशेनं वाढलेली असेल, म्हणजे दाट टेक्स्चर असेल, तर दोन्ही स्कॅन घ्यावे लागतात. का ते पायरी ६ मध्ये सांगते, तिथं फार लोक फसतात.

नावांचाही घोळ होतो. इथं मी बोलतेय ते डिटेक्टर वरच्या दिशेनं फिरणारं साधं ग्रेझिंग एक्सआरडी, पॉलिक्रिस्टलाइन, म्हणजे बारीक स्फटिककणांच्या, फिल्मसाठीचं. इन-प्लेन डिफ्रॅक्शन वेगळं, त्यात डिटेक्टर पृष्ठभागाला समांतर फिरतो आणि पृष्ठभागाला काटकोनात उभी असलेली अणूंची प्रतलं दिसतात, त्याला वेगळा गोनिओमीटर (कोन फिरवणारी यंत्रणा) लागतो. मोठ्या टू-डी डिटेक्टरवर पॉलिमर किंवा पेरोव्स्काइटच्या फिल्मच्या रिंगा घेतात ते आणखी वेगळं, त्यासाठी बहुतेक जण इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवर बीमटाइम मागतात. फॉर्म भरताना नेमकं काय हवंय ते लिहा, नुसतं "जीआय" लिहिलं तर ऑपरेटर त्याला वाटेल ते करून देईल.

## पायरी २: सॅम्पलची तयारी

ही पायरी सगळे दोन मिनिटांत उरकतात आणि नंतर दोन तास भोगतात.

लांबी. किरण तिरका पडला की सॅम्पलवर त्याचा पट्टा लांबच लांब पसरतो, म्हणून किरणाच्या दिशेनं सॅम्पल निदान २० मिमी लांब ठेवा. मायक्रोस्कोप स्लाइडवर फिल्म केली असेल तर २५ मिमीचा तुकडा उत्तम. ५ बाय ५ चा तुकडा घेऊन येऊ नका, त्यावर सिग्नल जीव काढतो.

मागची बाजू. वर सांगितलं तेच. स्प्रे पायरोलिसिस, डिप कोटिंग, केमिकल बाथ, या तिन्हीत मागं थर बसतोच. ब्लेडनं खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडानं पुसा. पुढच्या बाजूला हात लावायचा नाही.

सपाटपणा. साधी स्लाइड ५५०-६०० डिग्रीच्या आसपास भाजली की वाकायला लागते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत बघा, सरळ रेघ दिसली तर ठीक, वाकडी दिसली तर त्या सॅम्पलवर ०.३ सारखे बारीक कोन विसरा.

बाजू ओळखणं. फिल्म पारदर्शक असेल तर कुठली बाजू वर हे घरी बसूनच पक्कं करा आणि मागं कोपऱ्यात डायमंड स्क्राइबरनं छोटी खूण करा. मार्करची खूण अल्कोहोलनं जाते. एफटीओ काच (वीज वाहणारा टिन ऑक्साइडचा थर असलेली) असेल तर कोट करण्याआधी मल्टिमीटरनं कंडक्टिंग बाजू तपासा. चुकीच्या बाजूवर कोट केलेली फिल्म घेऊन तीन तास एसटीनं आलेली मुलं मी बघितलीत, फार वाईट वाटतं.

कोरा तुकडा. त्याच बॅचच्या काचेचा, त्याच भट्टीत तितकाच वेळ भाजलेला, फिल्म नसलेला तुकडा सोबत आणायचा. हा आणला नाही तर पायरी ७ करता येणार नाही आणि तुमचा अर्धा निष्कर्ष हवेत राहील.

जाडी. प्रोफाइलोमीटर, एलिप्सोमीटर, क्रॉस-सेक्शन एसईएम, ज्यानं जमेल त्यानं जाडी काढून आणा. अंदाज असला तरी चालेल, पण काहीतरी हवं.

तपासा: सॅम्पल सपाट काचेवर ठेवून चारी कोपरे बोटानं हलके दाबा. कुठलाही कोपरा डुगडुगला तर मागची बाजू पुन्हा साफ करा.

## पायरी ३: मशीनजवळ जाण्याआधी तीन हिशेब

कागद-पेन घ्या. हे हिशेब आधी झाले नाहीत तर स्लॉटमध्ये डोकं चालत नाही.

पहिला, क्रिटिकल अँगल. एक्स-रेसाठी कुठल्याही पदार्थाचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो, म्हणून एका ठरावीक कोनाच्या खाली किरण आत न शिरता पृष्ठभागावरून परावर्तित होतो. कॉपर के-अल्फाला हा कोन सिलिकॉनसाठी ०.२२, काचेसाठी त्याच्या जवळपास, ॲनाटेससाठी ०.२८, झिंक ऑक्साइडसाठी ०.३२ आणि सोन्यासाठी साधारण ०.५६ डिग्री आहे. पदार्थ जितका दाट तितका कोन मोठा. तुमची स्प्रेची फिल्म सच्छिद्र असेल तर खरा आकडा पुस्तकी आकड्यापेक्षा थोडा कमी निघेल.

दुसरा, खोली. ॲनाटेसमध्ये कॉपरचा किरण सरळ शिरला तर साधारण २० मायक्रोमीटरमध्ये एक-तृतीयांशाच्या थोडा वर उरतो. तिरका सोडला की उभी खोली साइननं कमी होते, आणि क्रिटिकल अँगलच्या जवळ अपवर्तनामुळं आणखी कमी होते. हिशेब केला तर १ डिग्रीला सुमारे ३४० नॅनोमीटर, ०.५ ला सुमारे १४५, ०.३ ला ३५ ते ४०, आणि ०.२५ ला फक्त ५-६ नॅनोमीटर.

हे शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. ०.३ आणि ०.२५ मध्ये फरक किती, तर ०.०५ डिग्रीचा. म्हणजे तुम्ही ०.३ टाइप केलं आणि अलाइनमेंट ०.०५ नं चुकली तर किरण क्रिटिकल अँगलच्या खाली गेला, फिल्मच्या वरच्या पाच-सहा नॅनोमीटरलाच खरवडून निघून गेला आणि पीक गायब. तीच चूक १ डिग्रीवर झाली असती तर कोणाला कळलंही नसतं. म्हणून नवीन माणसानं ०.३ नं सुरुवात करायची नाही.

तिसरा, पट्टा. सॅम्पलवर पडणाऱ्या पट्ट्याची लांबी म्हणजे बीमची उंची भागिले कोनाचा साइन. ०.१ मिमीची स्लिट (बीमची उंची ठरवणारी फट) आणि ०.५ डिग्री म्हणजे साडेअकरा मिमी. तीच स्लिट ०.३ ला १९ मिमी. आणि कोणी विचार न करता १ मिमीची स्लिट ठेवली तर ०.५ ला पट्टा ११५ मिमी, म्हणजे दहातले आठ-नऊ भाग किरण सॅम्पलच्या बाहेर, स्टेजवर. तुमच्या सॅम्पलची लांबी घ्या, उलट हिशेब करा आणि त्यात बसेल ती स्लिट निवडा.

थांबा: पट्टा बाहेर सांडला की नुसता सिग्नल कमी होत नाही, खोटे पीकही येतात. ॲल्युमिनियमची स्टेज ३८.५, ४४.७ आणि ६५.१ ला दिसते. सॅम्पल चिकटवायला प्लॅस्टिसिन वापरलं असेल तर त्यात बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि २९.४ ला कॅल्साइटचा पीक उभा राहतो. मग बिचारा विद्यार्थी चार दिवस "नवीन फेज" शोधत बसतो.

## पायरी ४: ऑप्टिक्स आणि अलाइनमेंट

पावडरसाठी लावलेली नेहमीची फोकसिंग मांडणी इथं चालत नाही, कारण इन्सिडन्स कोन अडकवून ठेवला की फोकसची भूमितीच मोडते आणि पीक पसरट होतात. येणाऱ्या बाजूला पॅराबोलिक मल्टिलेयर मिरर हवा म्हणजे बीम समांतर होतो, आणि डिटेक्टरच्या बाजूला पॅरलल प्लेट कोलिमेटर, म्हणजे पातळ पत्र्यांची जाळी, बहुतेक ठिकाणी ०.२७ किंवा ०.१८ डिग्रीची. लाइन डिटेक्टर असेल तर तो पॉइंट मोडमध्ये, सगळ्या पट्ट्या एकत्र मोजणारा, करून घ्या. ऑपरेटरला स्पष्ट विचारा "मिरर लावलाय का, कोलिमेटर कितीचा आहे". प्रश्न विचारायला लाजू नका, हा आकडा शेवटी पेपरमध्ये लिहायचाय.

अलाइनमेंटच्या वेळी कोलिमेटरच्या जोडीला डिटेक्टरपुढं ०.१ मिमीची बारीक स्लिट लागते, नाहीतर सगळे स्कॅन बोथट येतात आणि मध्य सापडत नाही.

थांबा: आता बीम थेट डिटेक्टरकडं जाणार आहे. कॉपरच्या पत्र्याचा ॲटेन्युएटर लावल्याशिवाय शटर उघडायचं नाही. डिटेक्टर कायमचा खराब होऊ शकतो. आणि इंटरलॉकच्या दाराशी कुठलीही हुशारी नको, टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) खिशात नाही, छातीवर.

आता क्रम. हा क्रम मोडायचा नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

१. स्टेज खाली घ्या म्हणजे सॅम्पल बीमच्या वाटेतून बाजूला होईल. टू-थीटा उणे ०.५ ते अधिक ०.५ स्कॅन करा. पीकचा मध्य जिथं येईल तिथं टू-थीटाचा शून्य ठेवा. या उजेडाचा आकडा, म्हणजे पूर्ण बीमचे काउंट्स, वहीत लिहा.

२. टू-थीटा शून्य, ओमेगा (किरण आणि सॅम्पलमधला कोन) शून्य. आता सॅम्पल हळूहळू वर आणा, झेड स्कॅन, ०.०१ मिमीच्या पायरीनं. सॅम्पल बीम कापायला लागलं की काउंट्स उतरतात. वहीत लिहिलेल्या आकड्याच्या बरोबर निम्म्यावर थांबा.

३. आहे तिथंच ओमेगा स्कॅन, उणे १ ते अधिक १. त्रिकोणासारखा आकार येईल. सॅम्पल बीमला बरोबर समांतर असतं तेव्हा सर्वात कमी सावली पडते, म्हणून टोक तिथंच. टोकावर ओमेगा शून्य ठेवा. सॅम्पल जितकं लांब तितका त्रिकोण टोकदार, लांबीचा हट्ट मी म्हणूनच धरते.

४. ओमेगा बदलला म्हणजे उंचीही बदलली. पुन्हा झेड स्कॅन, पुन्हा निम्मं. पुन्हा ओमेगा. आकडे हलायचे थांबेपर्यंत, साधारण दोन-तीन फेऱ्या.

इथपर्यंत सगळे करतात आणि बरेच जण इथंच थांबतात. थांबू नका. निम्म्या बीमची पद्धत ढोबळ आहे, सॅम्पलची कड तुटकी असेल, कडेला फिल्म जाड झाली असेल, तर त्रिकोणाचं टोक सरकतं.

५. टू-थीटा ०.४ वर न्या. ओमेगा ० ते ०.४ पर्यंत ०.००५ च्या पायरीनं स्कॅन करा. आता पृष्ठभागावरून परावर्तित झालेला किरण पकडायचाय. आरशाचा नियम लागू, म्हणून तो ओमेगा बरोबर ०.२ असताना यायला हवा. समजा पीक ०.२६ ला आला, म्हणजे तुमचा कोन ०.०६ नं खोटा होता. जिथं पीक आला त्या जागेला ०.२ असं नाव द्या. ०.२ च का, तर ते काच आणि ॲनाटेस दोघांच्याही क्रिटिकल अँगलच्या खाली आहे, किरण जवळजवळ पूर्ण परत येतो आणि पीक ठळक दिसतो. १ किंवा २ डिग्रीवर हा प्रयोग केला तर परावर्तन इतकं पडतं की काही दिसत नाही.

६. याच जागेवर शेवटचा झेड स्कॅन, या वेळी निम्म्यावर नाही, सर्वात जास्त काउंट्सवर. मग पुन्हा एकदा वरचा क्रमांक ५.

तपासा: शेवटच्या ओमेगा स्कॅनचा पीक एकच आहे ना, सरळ आहे ना? दोन टोकं दिसली किंवा पीक खांद्यासारखा पसरला तर सॅम्पल वाकलेलं आहे. मग १ डिग्रीच्या खाली जाऊच नका.

स्प्रेच्या खडबडीत, दुधाळ दिसणाऱ्या फिल्म आमच्याकडं भरपूर येतात, त्यावर वरच्या क्रमांक ५ चा पीक कधीकधी येतच नाही, प्रकाश सगळीकडं विखुरतो. मग खोटं समाधान करून घेऊ नका. निम्म्या बीमची पद्धत तीनदा करा, कोनात ०.०५ ची चूक आहे असं गृहीत धरा आणि १ डिग्रीवर मोजा, जिथं तेवढी चूक पोटात जाते. खडबडीत फिल्मवर ०.३ चा आग्रह धरणारा गाइड असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

एवढं झालं की बारीक स्लिट काढा, ॲटेन्युएटर काढण्याआधी डिटेक्टर बीमच्या वाटेतून दूर, १५-२० डिग्रीवर न्या.

## पायरी ५: कोन निवडा, मग मोजा

सगळा स्लॉट एका कोनावर उधळू नका. आधी फक्त मुख्य पीकभोवती, ॲनाटेससाठी २४ ते २७, असे तीन छोटे स्कॅन घ्या: ०.५, १ आणि २ डिग्री. प्रत्येकी काही मिनिटं लागतात. फिल्मचा पीक आणि खालच्या काचेचा फुगवटा यांचं प्रमाण कुठं चांगलं येतंय ते बघा. २०० नॅनोमीटरच्या आसपासच्या फिल्मला बहुतेक वेळा ०.५ ते १ च्या मध्ये उत्तर मिळतं.

मोठा स्कॅन २० ते ७०. कोलिमेटरमुळं पीक तसेही ०.२-०.३ डिग्री रुंद असतात, त्यामुळं ०.०१ ची पायरी म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी, ०.०५ बास. पायरीला ५ सेकंद धरले तर १००० पायऱ्या, ५००० सेकंद, म्हणजे एक तास तेवीस मिनिटं. पीक कमजोर असेल तर १० सेकंद करा, पायरी बारीक करू नका.

सर्वात वाईट चूक, आणि ही अनुभवी लोकही करतात: मेनूत "डिटेक्टर स्कॅन" किंवा नुसता "टू-थीटा" निवडायच्या ऐवजी सवयीनं "थीटा-टू-थीटा" निवडला जातो. स्कॅन चालू होतो, ग्राफ येतो, सगळं छान दिसतं आणि सॅम्पलही सोबत फिरत राहतं. सुरुवातीचा कोन ०.५ लिहिलेला असतो म्हणून कोणाला शंका येत नाही. स्कॅन सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी स्क्रीनवर ओमेगाचा आकडा बघा. तो ०.५ वरच ठाम असायला हवा. हलला असेल तर लगेच बंद करा.

## पायरी ६: टेक्स्चरचा सापळा

ग्रेझिंगमध्ये दिसणारी प्रतलं पृष्ठभागाला समांतर नसतात, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमी. साध्या स्कॅनमध्ये समांतर प्रतलंच दिसतात. इथं मात्र जी प्रतलं टू-थीटाच्या निम्म्यातून इन्सिडन्स कोन वजा करून येईल तेवढी कललेली आहेत तीच दिसतात, आणि स्कॅन पुढं जाईल तसा हा कल वाढत जातो.

झिंक ऑक्साइड घ्या, कारण आपल्याकडं ते घरोघरी होतं. ही फिल्म बहुतेक वेळा सी-अक्ष उभा ठेवून वाढते. साध्या स्कॅनमध्ये ३४.४ ला (००२) चा, म्हणजे सी-अक्षाला काटकोनात असलेल्या प्रतलांचा, पीक छत फाडून वर जातो. तीच फिल्म ०.५ डिग्रीवर ग्रेझिंगमध्ये लावा: आता ३४.४ ला दिसायला (००२) प्रतलं १६.७ अंश कललेली हवीत, आणि तुमच्या फिल्ममध्ये तर ती सगळी आडवी पडलीत. पीक बारीक होतो किंवा जातोच. उलट ६२.९ ला (१०३) उसळून येतो, कारण (१०३) आणि (००२) मधला कोन साधारण ३१.७ आहे आणि ६२.९ चं निम्मं ३१.४. उभ्या सी-अक्षाच्या फिल्ममध्ये (१०३) नेमकी हव्या त्या कलावर सापडते.

म्हणजे ग्रेझिंगमध्ये (००२) दिसला नाही म्हणून "क्रिस्टलायझेशन झालं नाही" म्हणणं चूक, आणि (१०३) मोठा आला म्हणून "प्रेफर्ड ओरिएंटेशन बदललं" म्हणणं त्याहून चूक. ग्रेझिंगचा ग्राफ घेऊन टेक्स्चर कोएफिशियंटचा फॉर्म्युला लावलेले पेपर मी वाचलेत, तो फॉर्म्युला समांतर प्रतलांसाठी आहे, इथं लावायचाच नाही. टेक्स्चर हवं असेल तर साधा स्कॅन घ्या, शक्य असेल तर पोल फिगर (सगळ्या दिशांनी घेतलेलं टेक्स्चरचं मोजमाप).

तपासा: ग्रेझिंगमध्ये काहीच दिसलं नाही तर "अमॉर्फस" लिहिण्याआधी तीन गोष्टी झाल्या का? अलाइनमेंटमधला क्रमांक ५ झाला, २ डिग्रीवर एकदा बघितलं, आणि साधा थीटा-टू-थीटा घेतला. तिन्हीत काही नसेल तर मग लिहा.

## पायरी ७: कोरा तुकडा आणि परके पीक

कोऱ्या काचेवर तेच सेटिंग, तोच कोन, तेवढाच वेळ. दोन ग्राफ एकावर एक ठेवा.

एफटीओवरच्या फिल्ममध्ये टिन ऑक्साइडचे पीक २६.६, ३३.८, ३७.८ आणि ५१.८ ला येतात. यातला ३७.८ हा ॲनाटेसच्या (००४) वर बरोबर बसतो, त्यामुळं त्या एका पीकवरून काही बोलू नका. २५.३, ४८ आणि ५५.१ बघा. २७.४ ला काही असेल तर रुटाइल (टायटेनियम डायऑक्साइडचं दुसरं रूप), पण शेजारच्या २६.६ चा पाय तिथं पसरलाय का ते कोऱ्या तुकड्यावरूनच कळतं.

सिलिकॉन वेफरवर फिल्म असेल तर ५० ते ५६ च्या पट्ट्यात कधीकधी एक दांडगा, विचित्र आकाराचा पीक येतो. तो सिलिकॉनच्या (३११) प्रतलांची करामत असते, सिंगल क्रिस्टल एखाद्या दिशेला नेमका सापडला की येतो. ओळखायची सोपी युक्ती, सॅम्पल स्वतःभोवती १५-२० अंश फिरवा आणि पुन्हा स्कॅन करा. पीक गेला किंवा सरकला तर तो वेफरचा, जागेवर तसाच राहिला तर फिल्मचा. फिरवल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासायला विसरू नका.

## पायरी ८: डेटा हातात आल्यावर

आधी रॉ फाइल घ्या, नुसतं चित्र नको. स्मूदिंग करू नका. कमजोर पीक असेल तर जास्त वेळ मोजा, गुळगुळीत करून पीक तयार होत नाही, फसवणूक तयार होते.

सगळे पीक कार्डापेक्षा (पावडरच्या संदर्भ आकड्यांपेक्षा) थोडे उजवीकडं दिसले तर लगेच "स्ट्रेन" (स्फटिक ताणलं किंवा दाबलं जाणं) लिहू नका. फिल्ममध्ये शिरताना किरण अपवर्तनानं आणखी आडवा होतो आणि पीक मोठ्या कोनाकडं सरकतात. किती सरकतात? इन्सिडन्स कोनाच्या वर्गातून क्रिटिकल अँगलचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा, ते इन्सिडन्स कोनातून वजा करा. ॲनाटेसला ०.५ वर हे येतं ०.०९ डिग्री, ०.३ वर ०.१९ आणि १ वर ०.०४. हा सरक सगळ्या पीकना जवळजवळ सारखाच असतो. स्ट्रेन असेल तर मोठ्या कोनाचे पीक जास्त सरकतात. सरक सारखा असेल तर आधी हा आकडा वजा करा, मग उरलेल्यावर बोला. डी-स्पेसिंग काढताना ब्रॅगच्या समीकरणात थीटा म्हणजे टू-थीटाचं निम्मंच घ्यायचं, इन्सिडन्स कोन तिथं घालायचा नाही, हीही चूक होते.

आता क्रिस्टलाइट साइज, म्हणजे स्फटिककणाचा आकार. शेररचं सूत्र तो पीकच्या रुंदीवरून काढतं. शेररच्या सूत्रात मोजलेली रुंदी जशीच्या तशी टाकली तर काय होतं बघा. मशीनची स्वतःची रुंदी, कोलिमेटरमुळं, समजा ०.३ डिग्री. २५.३ च्या पीकला ०.३ टाकून सूत्र चालवलं की उत्तर येतं २७ नॅनोमीटर. म्हणजे तुमचे कण ५० चे असोत नाहीतर २०० चे, सुधारणा न करता उत्तर २५ च्या आसपासच घुटमळणार. वेगवेगळ्या तापमानाला भाजलेल्या पाच फिल्मचा साइज २४, २५, २५, २६, २६ असा आला तर तो फिल्मचा नाही, कोलिमेटरचा आकडा आहे. कॉरंडमची स्टँडर्ड चपटी प्लेट किंवा लँथेनम हेक्साबोराइड त्याच ऑप्टिक्सवर, त्याच कोनाला मोजा, ती रुंदी वजा करा, आणि उरलेली रुंदी मशीनच्या रुंदीपेक्षा फारच कमी निघाली तर साइज देऊ नका, "यापेक्षा मोठा" एवढंच लिहा.

पीकच्या उंचीची गुणोत्तरं पावडरच्या कार्डाशी जुळवून ॲनाटेस-रुटाइलची टक्केवारी काढायची असेल तर पायरी ६ आठवा. फिल्ममध्ये टेक्स्चर नाही हे आधी दाखवा, मगच टक्के.

लिहिताना प्रयोगाच्या भागात इतकं तरी यायलाच हवं: इन्सिडन्स कोन, तो कसा अलाइन केला, स्लिट किती, मिरर होता का, कोलिमेटर कितीचा, पायरी, सेकंद, आणि अपवर्तनाची सुधारणा केली की नाही. सॅम्पल फेकू नका, मागं खूण आहे तशीच डबीत ठेवा, स्कॅनच्या फाइलचं नाव डबीवर लिहा. रिव्ह्यूअर सहा महिन्यांनी दुसऱ्या कोनाचा स्कॅन मागतो आणि तेव्हा तोच तुकडा लागतो.